आधी फुंका, मग चहा

नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणते. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी ते सुटलं नाही. इथे लिहिताना मात्र मी त्याला 'तो' म्हणणार आहे. एवढा हक्क त्यानेच मला मिळवून दिलाय. कसा, ते सांगते.

मी ब्रिस्टलमध्ये एका फार्मसीत फार्मासिस्ट आहे. सिगरेट सोडायला निघालेली माणसं आमच्याकडे येतात. मागच्या चिमुकल्या खोलीत त्यांना बसवायचं, सकाळी पहिली कधी ओढता, काल किती झाल्या, कोणाबरोबर झाल्या, असं खोदून खोदून विचारायचं, आणि शेवटी हातात मावेल एवढ्या मशीनमध्ये फुंकायला लावायचं, हे माझं काम. सिगरेट जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसांत जातो आणि श्वासातून बाहेर पडतो, तो हे मशीन मोजतं. आकडा लहान आला तर हिरवा दिवा, मोठा आला तर लाल. नुसता व्हेप, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगरेट, ओढणाऱ्याचा हिरवाच येतो, कारण त्यात काही जळत नाही. मी लोकांना हसत हसत सांगायचे, तुम्ही मला काय वाटेल ते सांगा, हे मशीन मला खरं तेच सांगेल. तेही बिचारे हसायचे.

इतकी वर्षं परक्या माणसांना फुंकायला लावलं, पण घरातल्या माणसाला एकदाही लावलं नाही. नवऱ्यापुढे मशीन धरायचं म्हणजे त्याच्यावर संशय घ्यायचा. मला नुसत्या विचारानेही लाज वाटायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तो विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. सिगरेट कॉलेजपासूनची. मी भांडले, रुसले, अबोला धरला, त्याच्या कोटाच्या खिशातली पाकिटं नळाखाली धरली. ढिम्म फरक पडला नाही. मग गेल्या वर्षी जानेवारीतल्या पहिल्याच रविवारी सकाळी, वाऱ्याने पडलेलं बागेतलं कुंपण उचलताना तो मटकन खाली बसला. ॲम्ब्युलन्समध्ये त्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की मनगटावर बांगडीचा वळ उठला. स्टेंट टाकला. घरी सोडताना डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, की सिगरेट सुटली तर हे हृदय अजून पुष्कळ चालेल, नाही सुटली तर मी कसलीही खात्री देणार नाही. तो नंदीबैलासारखी मान हलवत होता. त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आता सुटेल.

आधी पॅच लावून पाहिले, तर दंडाला खाज सुटून लाल चट्टे उठले. निकोटिनचा गम दाताच्या ब्रिजला चिकटायला लागला. मग उरला व्हेप. एका शनिवारी दुपारी मी त्याला किचनच्या टेबलाशी बसवलं, कौन्सिलकडून आलेल्या पत्राच्या पाकिटाची मागची बाजू घेतली, मधोमध रेघ मारली, आणि एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे लिहायला घेतले. आमच्या घरात फ्रिजसुद्धा असाच घेतला जातो. तो इंजिनियर, मी औषधवाली, दोघांनाही रेघ मारल्याशिवाय विचार करता येत नाही.

एकदा वापरून फेकायचे ते रंगीत व्हेप तेव्हा अजून दुकानादुकानांत मिळत होते, बंदी पुढे आली. ते मी पहिल्याच फटक्यात बाद केले. महागडे, बटणं आणि स्क्रीनवाले त्याने बाद केले. मला सिगरेट सोडायचीय, छंद लावून घ्यायचा नाहीये, म्हणाला. उरला तो साधा, चार्ज करून पुन्हा पुन्हा भरायचा, बाहेरून मागवलेल्या दोन जेवणांच्या किमतीत येणारा. त्याचे फायदे मी भराभर लिहिले. काही जळत नाही, म्हणून धूर नाही, डांबर नाही. बटण नाही, ओढला की चालू. लिक्विड भरायचे सुटे पॉड कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. तोट्यांच्या बाजूला लिहिलं, की निकोटिन सुटत नाही, फक्त रस्ता बदलतो. स्वस्तातला आहे, तेव्हा खिशात गळणार. आतली तापणारी कॉइल लवकर जळणार आणि घशाला करपट चव येणार. फुप्फुसांवर वीस-तीस वर्षांनी काय होतं ते कोणालाच नीट माहीत नाही. आणि हाताला तोंडाशी जायची सवय राहणारच. त्याने माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्याखाली लिहिलं, 'बायको सारखी विचारणार.' आम्ही दोघं हसलो.

मी म्हटलं, नाही विचारणार. तुम्ही सोडताय ना, मग मी एका शब्दाने विचारणार नाही.

फायद्यांच्या बाजूला शेवटी मी आणखी एक गोष्ट लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या. 'वास येत नाही.' तीस वर्षं पडदे धुतले होते मी. फ्लेवर मीच निवडला, आंब्याचा. त्या आंब्याची आणि हापूसची जन्मात गाठ पडली नसेल, पण वास असा दणदणीत, की तो मुख्य दारातून आत आला की मागच्या खोलीत कळायचं. कोट, मफलर, गाडी, सगळीकडे आंबा. मी खूश. त्या वासाखाली आणखी काय काय लपेल, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. चांगली शिकलीसवरलेली बाई मी.

आता चहाचं सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

मी चहाबाज बाई. दिवसाला पाच कप, आलं आणि गवती चहा घालून. गवती चहाची कुंडी खिडकीत ठेवून हिवाळ्यात मी तिला मुलासारखी जपते. ज्या दिवशी त्याने व्हेप हातात घेतला, त्या दिवशी मी बॉयलरशेजारच्या कपाटातल्या आमच्या देवांपुढे उभी राहिले आणि म्हटलं, ह्यांची सिगरेट सुटू दे, मी चहा सोडला. माझ्या आईने माझ्या टायफॉइडसाठी साखर सोडली होती. आमच्याकडे हे असंच चालतं, एकाच्या जिवासाठी दुसऱ्याने जिभेवरचं काहीतरी सोडायचं. फार्मासिस्टच्या डोक्याला ते पटत नाही, पण मी तेव्हा फार्मासिस्ट नव्हते, घाबरलेली बायको होते. त्याला सांगितलं तेव्हा तो उठून जवळ आला. माझ्या डोक्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला.

चहा सोडायला मी जगातला सगळ्यात चुकीचा देश निवडला होता. फार्मसीत दर दोन तासांनी कोणीतरी किटली लावतं आणि सगळ्यांना विचारतं. नको म्हटलं की बरं नाहीये का, म्हणून चौकशी होते. आपल्या लोकांकडे तर विचारूच नका. कोणाच्या घरी जाऊन चहा नको म्हणणं म्हणजे भांडण काढणं. त्यामुळे मला प्रत्येक घरी कारण सांगावं लागलं. महिन्याभरात ब्रिस्टलमधल्या आमच्या सगळ्या मराठी घरांना माझा नेम ठाऊक झाला. मी गेले की न विचारता गरम पाणी आणि लिंबाची फोड पुढे यायची. आणि घरी रोज सकाळी त्याचा चहा मीच करायचे. आलं किसायचे, पात कापायचे, उकळी आली की वाफ नाकात जायची. कप त्याच्यापुढे ठेवायचे आणि माझं गरम पाणी घेऊन समोर बसायचे. रामाने चौदा वर्षं वनवास काढला, मी चौदा महिने काढला, असं मी शेवटी शेवटी चेष्टेने म्हणायचेसुद्धा.

मागच्या गल्लीत माझी एक मैत्रीण राहते. बावीस वर्षांची मैत्री. बाळंतपणात माझ्या तोंडात डिंकाचा लाडू तिने घातलाय. तिचा नवरा आणि माझा नवरा दर शनिवारी आणखी तिघांबरोबर बॅडमिंटन खेळायचे, नंतर तिच्याच घरी बसायचे. मी गेले की ती लिंबूपाणी करायची आणि दर वेळी म्हणायची, घे गं अर्धा कप, देव काय मोजत बसलाय. मला वाटायचं, किती माया हिची. मी दर वेळी मान हलवून नको म्हणायचे, आणि ती खाली बघायची.

यंदाच्या गुढीपाडव्याला आमच्या मंडळाचा कार्यक्रम होता, कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये, नेहमीसारखा. मसालेभात, जिलबी, मुलांची नाच-गाणी. सेक्रेटरींनी मला विचारलं, की आरोग्याचं एखादं टेबल लावाल का? ब्लडप्रेशर मोजायचं, चार शब्द सांगायचे. मी उत्साहाने हो म्हटलं आणि वर म्हटलं, की फार्मसीतून परवानगी काढून फुंकायचं मशीनही आणते. आता आपल्या मंडळात कोणत्याही गोष्टीचं उद्घाटन झाल्याशिवाय ती सुरू होत नाही. टेबल असलं म्हणून काय झालं? उद्घाटनाला पाहुणा हवा, पाहुण्याचा सत्कार हवा, सत्काराला शाल आणि श्रीफळ हवं. सेक्रेटरी म्हणाले, पाहुणा घरातच आहे की, चौदा महिने सिगरेटला शिवला नाही तो माणूस. मला संकोच वाटला असं सांगणं खोटं ठरेल. मला अभिमान वाटला. शाल मीच आणली, भारतातून आणलेली, ठेवणीतली.

त्याला मी आदल्या दिवशी फक्त सत्काराचं सांगितलं. तो म्हणाला, कशाला हे? मला वाटलं, लाजतोय.

हॉलमध्ये माइकवरून त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो आत नव्हता. कोणीतरी कार पार्कमधून बोलावून आणलं. मैत्रिणीचा नवराही मागोमाग आला. आंब्याचा वास माझ्यापर्यंत पोचला, आणि मी कौतुकाने हसले. सेक्रेटरींनी शाल पांघरली, हातात नारळ दिला, टाळ्या झाल्या. मग मी मशीन पुढे केलं आणि माइकवर म्हटलं, की उद्घाटन फीत कापून नाही, फुंकून होईल.

त्याचा चेहरा बदलला. तो हलकेच म्हणाला, नंतर करू. मैत्रीण पहिल्या रांगेतून उठली आणि घाईघाईने म्हणाली, राहू दे गं मशीन, भात गार होतोय, लोक खोळंबलेत. मी तिला हाताने खाली बसवलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो. सगळ्या हॉलमध्ये मला वाचवायला ती एकटी उठली होती, आणि मीच तिला बसवलं.

लोक टाळ्यांचा ताल धरायला लागले. सुटका नव्हती. त्याने एका हातात नारळ धरून, खांद्यावर शाल घेऊन, मी सांगितल्याप्रमाणे श्वास रोखला आणि फुंकलं. आकडा चढत गेला. सहा, नऊ, चौदा, एकोणीस. लाल दिवा लागला. एखाददुसऱ्या सिगरेटने इतका आकडा चढत नाही, हे त्या हॉलमध्ये फक्त मला कळलं.

बहुतेक लोकांना दिव्याचा अर्थ ठाऊक नव्हता, ते टाळ्या वाजवत राहिले. सेक्रेटरींनी तर 'वा वा' म्हटलं. मी समोर पाहिलं. बॅडमिंटनवाले चौघं आणि माझी मैत्रीण टाळ्या वाजवत नव्हते. पाचही जण खाली बघत होते. तेव्हा मला सगळं कळलं. मशीनने मला फक्त त्याचं सांगितलं, बाकीच्यांचं त्या खाली घातलेल्या मानांनी सांगितलं.

मी माइकवर म्हटलं, मशीन बिघडलंय वाटतं, चला जेवायला. का म्हटलं, ते मला आजही कळत नाही. चारचौघांत त्याची अब्रू राखली मी. त्याने माझी चौदा महिने राखली नव्हती.

भांडी घासायच्या खोलीत मैत्रीण माझ्यामागे आली. मी एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून," ती म्हणाली. रडायला लागली होती. "आमच्या बागेतल्या शेडमागे ओढायचे दोघं. मी किती वेळा सांगायचं ठरवलं. पण तुला कळलं असतं तर तुझा सगळा चहा वाया गेला असता ना गं."

म्हणजे तो अर्धा कप मायेचा नव्हता, मनाला टोचत होतं म्हणून पुढे येत होता. बाईच्या स्वतःच्या शेडमागे माझा नवरा धूर काढत होता आणि आत ती माझ्यासाठी लिंबू चिरत होती. नवरा खोटं बोलला ते एक वेळ समजू शकते. व्यसनी माणूस खोटं बोलतो हे मी रोज बघते, पोटासाठीच बघते. पण हिला कसलं व्यसन होतं? मी तिला म्हटलं, तू माझं हसं केलंस. आणि बाहेर आले. अजूनही ती आली की मी दार उघडते, बसवते, चहा देते. पण बावीस वर्षांचं ते जे काही होतं, ते आता नाही.

घरी जाताना गाडी मी चालवली. शाल मागच्या सीटवर, नारळ त्याच्या मांडीवर. मग तोच सुरू झाला. व्हेप ओढतच होतो, ते काही खोटं नव्हतं. मधून मधून फक्त एखाद-दोन सिगरेट व्हायच्या, शनिवारी थोड्या जास्त. तू कधी विचारलंच नाहीस, विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मी ऐकत होते. मी विचारलं नाही हे खरंच होतं. मी वचन दिलं होतं ना, ती यादी करताना, हसत हसत.

मी म्हटलं, "आणि मी चहा कोणासाठी सोडला होता?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तू सोडलास. मी सांगितलं नव्हतं."

सिगरेटचं दुःख त्या वाक्यापुढे काहीच नव्हतं. मी एका बंद दुकानासमोर गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले, हमसून हमसून. मला तो मरेल याची भीती होती. चौदा महिने दर सकाळी त्याला समोर बसलेला बघून मी मनात म्हणायचे, आज आहे. आणि तो माझ्या हातचा चहा पिऊन, माझं गरम पाणी बघून, बाहेर जाऊन सिगरेट ओढत होता. तो तेव्हा 'सॉरी' म्हणाला, बऱ्याच वेळा म्हणाला. मला ते ऐकू येत होतं, एवढंच.

घरी येऊन मी चहा टाकला. एक कप, माझ्यापुरता. किती दिवस स्वप्नात प्यायले होते तो. खूप गोड झाला होता, आणि रिकाम्या पोटी जळजळलं. तरी संपवला. तो दारात उभा राहून बघत होता. मग त्याने खिशातून पाकीट काढलं, चुरगाळलं, कचऱ्यात टाकलं आणि म्हणाला, की आता खरंच सोडतो. मी म्हटलं, बघू.

दुसऱ्या आठवड्यात मी घरासाठी वेगळं मशीन मागवलं. तेव्हापासून रोज सकाळी पातेलं गॅसवर चढलं की मी ते त्याच्यापुढे ठेवते आणि म्हणते, आधी फुंका, मग चहा. पहिले दोन-चार दिवस त्याने तोंड वाकडं केलं, मग निमूटपणे फुंकायला लागला. पहिल्या आठवड्यात एकदा लाल आला, त्यानंतर नाही. आता तीन महिने झाले, रोज हिरवा. आकडा दोन, कधी एक. व्हेप आहे, पण तोही कमी झालाय, लिक्विड मी हलकं आणते, बिनवासाचं. माझ्या खोलीत येणाऱ्या कोणाचं असं झालं असतं तर मी त्याला मनापासून शाबासकी दिली असती.

मध्ये एकदा त्याने विचारलं, किती दिवस फुंकायचं असं? मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरं होतं.

गेल्या मंगळवारी मशीन सुरूच झालं नाही. बॅटरी संपली होती. तो ते हातात धरून उभा राहिला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नाही ओढली गं. काल नाही, परवा नाही, तो लाल आला तेव्हापासून एकही नाही. माझ्याकडे बघ ना."

मी बघितलं. डोळे स्वच्छ होते, तेच डोळे जे हॉस्पिटलमध्ये घाबरले होते. तो खरं बोलत होता, हे मला नव्याण्णव टक्के माहीत होतं. एकेकाळी त्या डोळ्यांवर विश्वास ठेवून मी चौदा महिने काढले होते. आता ह्या एका सकाळपुरतं 'बरं' म्हणायचं होतं मला, एवढंच, आणि कप पुढे करायचा होता. तोंड उघडलंसुद्धा मी.

पण मी वळले, ड्रॉवर उघडला आणि बॅटरी शोधायला लागले. मागे चहा उतू गेला, आणि तो तसाच, मशीनची नळी तोंडाशी धरून, वाट बघत उभा राहिला.